पडलेला दांडा

माझे वडील उमरेडचे विणकर. सत्तरच्या दशकात नागपुरात घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेत मी पहिल्यांदा उतरलो, तेव्हा ते मुद्दाम एसटीने पाहायला आले. तिसऱ्या अडथळ्याला घोड्याचा खूर लागला आणि वरचा दांडा खाली पडला. मी पुढे निघालो. वडील मात्र दोरीखालून मैदानात शिरले आणि दांडा उचलून जागेवर ठेवू लागले. लोक पोट धरून हसत होते. मला घोड्यासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पंच ओरडले, तसे वडील त्यांच्यावरच उखडले, "मागावर धागा तुटला तं जोडल्याबिगर पुढं जाते काय कोणी? अन् हा पोट्टा वळूनबी नाही पाहून राहिला!"

पुढे प्रत्येक स्पर्धेला ते बाह्या सरसावून दोरीपाशी उभे राहत. मी चिडायचो, तरी पत्र टाकून त्यांना बोलवायचोच. अखेर राज्याचं विजेतेपद मिळालं, त्या दिवशी माझा एकही दांडा पडला नाही. करंडक घेऊन मी धावतच त्यांच्याकडे गेलो. बाह्या खाली करत ते म्हणाले, "एकबी नाही पाडला? मंग मले काहून बोलावलं गा?"