सात डबे, सात बेटं

माझा मित्र मिलिंद याला त्याच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी फसवलं. हे आधी सांगतो, आठवणी नंतर.

गेल्या महिन्यात सुजातावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." डॉक्टर हार्ट अटॅक म्हणाले. मला ते कारण पुरेसं वाटत नाही.

लंडनमधल्या हाउन्सलोत माझं मसाल्याचं दुकान आहे, शून्यातून उभं केलेलं. मिलिंद एअरपोर्टवर बॅगा चढवायचा आणि उरलेल्या वेळात एकोणिसाव्या शतकातल्या एका ग्रीक मुत्सद्द्यावर पीएचडी करायचा. त्या माणसाच्या नावाशी माझी जीभ अडखळायची, म्हणून मी नुसतं 'तुझा ग्रीक' म्हणायचो. या ग्रीकाने तरुणपणी लंडनमध्ये बसून, इंग्रजांच्या हाताखालची सात बेटं आपल्या देशाला मिळावीत म्हणून वाटाघाटी केल्या. पुढे अनेकदा पंतप्रधान झाला. शेवटी स्वतःच्याच मतदारसंघात हरला आणि परमुलखात मेला.

कुठलंही प्रकरण लिहिण्याआधी मिलिंद ते माझ्याशी खेळून बघायचा. काउंटरवर मसाल्याचे सात डबे मांडायचा. तो ग्रीक, मी इंग्रज.

"बोला साहेब, बेटं कधी देता?"

"ने की. पण किल्ले पाडून देणार."

"अरे चोरा, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? हातचा माल सोडताना कुणी धडधाकट देतं का?"

इंग्रजांनी खरंच किल्ले पाडायला लावले होते. मिलिंद पोट धरून हसला होता...

मग प्राध्यापकांचं पुस्तक आलं. बेटांचं प्रकरण सुरू होतं ते एका मसाल्याच्या दुकानात, काउंटरवर मांडलेल्या सात डब्यांपासून. मिलिंदने तपासायला दिलेलं प्रकरणच ते, पण त्याचं नाव कुठेच नाही. मी भडकलो. "चल, आत्ताच्या आत्ता कॉलर धरतो त्याची!"

"गप रे. माझा प्रबंध त्यांच्याच सहीसाठी अडलाय. ती गेली तर सुजाताला काय तोंड दाखवू?"

एवढं बोलून तो डबे पुसत बसला. पुन्हा कधी मांडले नाहीत.

शोकसभेत बुद्धवंदना झाल्यावर प्राध्यापक बोलले. मिलिंद 'होतकरू' होता म्हणे! मी उठलो तशी वहिनींनी माझी बाही धरली, म्हणून बसलो.

ते सात डबे अजून काउंटरवर आहेत. त्यातला मसाला मी विकत नाही. गिऱ्हाइकाने हात लावला तरी ओरडतो.

सर, तुम्ही मसाल्याच्या दुकानात कधी पाऊल ठेवलं होतंत? नसेल, तर आता ठेवा. वहिनींना मी बोलावतो. या डब्यांसमोर उभे राहा आणि ते प्रकरण कुणाचं, हे त्यांच्या तोंडावर सांगा.