औषध पाजलेला कागद

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, ऐन दुपारी, मुरुमजवळच्या आमच्या पॉलिहाऊसचे छप्पर पूर्वेच्या टोकाला फाटले. आत ढोबळी मिरची तोडणीला आली होती. छपराचा प्लास्टिकचा पेपर आम्ही मुरुमच्या बाजारातल्या चनबसअप्पांकडून घेतला होता. तो तीन उन्हाळे टिकेल, असा त्यांचा शब्द होता. हा दुसरा उन्हाळा होता. फोन केला तेव्हा अप्पा जेवत होते. हात धुतले आणि तसेच निघाले.

अप्पांनी सत्तरी ओलांडली होती. कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात कात्री. दुकानात ठिबकच्या नळ्या, गंधकाची पोती आणि शेतीच्या प्लास्टिकचे रोल. प्लास्टिकला ते कागदच म्हणत. रोल विकण्याआधी त्याची बोटभर पट्टी कापून गिऱ्हाइकाच्या हातात देत आणि ओढायला लावत. "नवा कागद लांबतोय, म्हातारा तटकन तुटतोय. आधी ताण जातोय, मग जोर. माणसाचं तरी काय, गुडघे आधी जातात." उन्हात टिकण्यासाठी प्लास्टिकमध्ये काही रसायने मिसळलेली असतात. अप्पा ते असे सांगत : "कागदाला औषध पाजलेलं असतंय. ते रोज उन्हाशी भांडतंय अन् रोज थोडं सरतंय. औषध सरलं की कागद एकटा पडला."

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पेपर दिलाच नाही. छपराच्या लोखंडी पाइपांना वरून पांढरा रंग दिला आहे का, हे त्यांनी विचारले. दिला नव्हता. "लोखंड तापतंय, तिथं टेकलेला कागद आधी मरतोय. रंग द्या, मग या."

"अप्पा, तुम्ही विकायला बसलाव का गिऱ्हाईक परत पाठवायला?" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"दोन्हीला, माय. विकायचं पोटासाठी, परत पाठवायचं झोपेसाठी."

त्या दुपारी ते शिडी चढू लागले तेव्हा सुनंदाने शिडी धरली. "उतरा, अप्पा. पडलाव तर ह्याच कागदात गुंडाळून न्यावं लागंल."

"ह्या कागदात नको. फाटका हाय," अप्पा वरून म्हणाले.

खाली आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. मिरचीच्या पानांवर भुरी हा पांढरा बुरशीचा रोग आला की काही जण पॉलिहाऊसमध्ये गंधक जाळतात. त्याच्या धुराने पेपरमधले औषध निकामी होते.

"गंधक जाळलाव व्हय?"

"एकदाबी न्हाय," सुनंदा म्हणाली.

"व्हय म्हणाली असतीस तर बरं झालं असतं."

पाइपांवर पेपर शाबूत होता. पश्चिमेकडेही शाबूत होता. फाटला होता तो फक्त पूर्वेकडे, आणि रोल उलगडायला आम्ही सुरुवात तिथूनच केली होती. म्हणजे रोलचे वरचे वेढे आधीच खराब होते. अप्पा बांधावर बसले आणि म्हणाले, "दुकानाचे पत्रे बदलताना रोल ओसरीत ठेवले हुते. उन्हात, गंधकाच्या पोत्यांना टेकून. एक उन्हाळाभर. वरच्या वेढ्यांचं औषध माझ्याच ओसरीत मेलं."

पिकावर ऊन थेट येत होते. सुनंदाने घरातल्या जुन्या साड्या काढल्या, शेजारणींनीही आणून दिल्या. फटीखाली साड्या बांधून झाल्या तेव्हा उन्हे कलली होती. दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतः उभे राहून नवा पेपर चढवून दिला. कडेच्या ओळींतल्या मिरच्या उन्हाने भाजल्या. बाकीचे पीक हाती आले. त्या पिकावर आमचे वर्ष निघाले.

मी नवा पेपर आणायला दुकानात गेलो, तेव्हा तिथे बसलेल्या एका ओळखीच्याने अप्पांना सल्ला दिला होता, "कंपनीवर ढकला की. कोण बघायला येतंय?"

"कंपनीनं औषध बरोबर दिलं हुतं. सांडलं मी," अप्पा म्हणाले.

ओसरीतला एकच रोल आमच्याकडे आला होता. बाकीचे दुसऱ्या शेतकऱ्यांनी नेले होते. छपरे फाटण्याआधी अप्पा एकेकाच्या शेतावर गेले. बरोबर मुलगी महादेवी असे, दुकान तीही पाहायची. एका ठिकाणी शेतकरी चिडला. "अप्पा, दुकानाला कुलूप लावा आता."

"लावतो की. आधी तुझा कागद बदलतो."

पावसाळ्यापर्यंत एक सोडून सगळे पेपर बदलून झाले. तो एक रोल नेणारा माणूस नेहमीचा नव्हता. नाव त्यांनी विचारले नव्हते. नळदुर्गच्या पुढे रोपवाटिका आहे, टोमॅटोची रोपे करतो, एवढेच तो बोलता बोलता म्हणाला होता. अप्पा दोनदा जाऊन आले. सापडला नाही. पोळ्यानंतर त्यांना अंथरूण धरावे लागले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सुनंदा म्हणाली, "अप्पा, आमचं पीक तुमच्यामुळं वाचलं."

"बुडत बी माझ्यामुळंच हुतं," ते म्हणाले. मग महादेवीकडे वळून, "त्या टोमॅटोवाल्याचं तेवढं बघ."

दसऱ्याच्या आधी अप्पा गेले.

फाल्गुनात महादेवी टेम्पोत नवा रोल घालून निघाली. शिडी आमची होती, मीही गेलो. नळदुर्गच्या पुढे हायवेवरच्या ढाब्यांवर विचारत गेलो. चौथ्या ढाब्यावरच्या आचाऱ्याने वाट दाखवली. ढाब्याचे टोमॅटो तो त्याच रोपवाटिकेवाल्याच्या शेतातून घ्यायचा.

रोपवाटिकेचे छप्पर शाबूत होते. मालकाने आम्हाला पाणी दिले, सगळे ऐकून घेतले आणि वर पाहिले.

"फाटला न्हाय की, ताई. चांगला कागद कशाला उतरवायचा?"

"अप्पांनी सांगितलंय," महादेवी म्हणाली.

"मग अप्पांनाच घेऊन यायचं. बोललो असतो."

"अप्पा गेले. दसऱ्याच्या आधी."

त्याने आत जाऊन दोन माणसांना हाक मारली आणि रोपांचे ट्रे बाजूला घ्यायला सांगितले. संध्याकाळपर्यंत जुना पेपर उतरला आणि नवा चढला.