जुळ्यांचे पप्पा

राहुरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या दोन-तीन वर्षांत जे मूल वाढलं, ते जुळ्यांच्या पप्पांचं मत घेतल्याशिवाय साधं शिंकलंसुद्धा नाही. त्यांचं खरं नाव दाराबाहेरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांना ते जुळ्यांचे पप्पा म्हणूनच ठाऊक होते आणि त्यांनाही ती पदवी डोक्यावर फेटा बांधल्यासारखी मिरवायला आवडायची. मूळचे मिरजगावकडचे, धंदा मंडप आणि साउंडचा. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका, तिची शाळा राहुरीजवळ, म्हणून बिऱ्हाड आमच्या खालच्या मजल्यावर. बायकोला ते घरातसुद्धा ‘मॅडम’ म्हणत. लग्नाच्या तिथी आल्या की टेम्पोत काळे बॉक्स भरून गावोगाव जायचे आणि तिथी संपल्या, म्हणजे वर्षातला बराचसा काळ, घरी राहून जुळी सांभाळायचे. जुळ्यांमधली मुलगी काही मिनिटं आधी जन्मली, म्हणून ती ‘मोठी’ आणि मुलगा ‘बारका’. बारका दिवसभर भोकाड पसरायचा. मोठी आपली हातात येईल ते चाटत एका जागी बसायची. ‘मोठी हाय ना ती, समजूतदार हाय,’ असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

बाळांच्या रडण्याचा त्यांनी साउंडवाल्याच्या कानाने अभ्यास केला होता. रडण्यात बेस असला तर ते पोटाचं, ट्रेबल असलं तर लंगोटाचं आणि नुसती घरघर येत असली तर झोपेचं, अशी त्यांची विभागणी होती. माझी मुलगी दोन महिन्यांची असताना एकदा सकाळी काही केल्या राहीना. मी तिला ओव्याचा शेक देत होते. तेवढ्यात खालच्या गॅलरीतून आवाज आला, ‘वहिनी, शेक बंद करा. पोटाचं न्हाई ते, वरच्या पट्टीतलं हाय, लंगोट बघा.’ लंगोट कोरडा होता. अखेर झबलं काढलं तेव्हा काखेत लाल मुंगी सापडली. मी खाली जाऊन तसं सांगितल्यावर ते अजिबात खजील झाले नाहीत. मुंगी लंगोटातच जायला निघाली होती, वाटेत काखेत थांबली, असं त्यांनी मला शांतपणे समजावून दिलं.

त्यांच्या स्वतःच्या घरातला कारभार तर बघण्यासारखा असे. एकदा घाईत त्यांनी बारक्यालाच दोनदा पेज भरवली आणि मोठी तशीच राहिली. तेव्हापासून ज्याचं खाऊन झालं त्याच्या कपाळावर कुंकवाचा टिळा लावायचा, अशी पद्धत त्यांनी सुरू केली. चार दिवसांतच मोठीने आपला टिळा पुसून बारक्याच्या नाकाला फासला आणि मॅडम शाळेतून आल्या तेव्हा जेवलंय कोण, याची चौकशी बसली होती. तोंडात चमचा घालण्याआधी ते ‘चेक, चेक’ म्हणायचे. बाळांशी बोबडं बोलणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. माणसाशी माणसासारखं बोलावं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दुपारी खालून जाताना ते मांडीवरच्या दोघांना टेम्पोचा पाटा कसा बदलावा लागला आणि मिस्त्रीने त्यात काय चलाखी केली, हे सविस्तर सांगत असलेले ऐकू यायचे. बारका मध्येच ओरडायचा. ‘आरं पुढं तर ऐक,’ असं ते म्हणायचे.

पण त्यांचं खरं साम्राज्य पार्किंगमध्ये होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की ते तिथे मंडपाचं हिरवं मॅटिंग अंथरायचे, लाल खुर्च्या मांडायचे आणि पोल उभे करून त्यांना साड्यांच्या झोळ्या टांगायचे. मग एकेक आई आपलं मूल घेऊन खाली यायची. सुरुवातीला आम्ही बायकाच होतो. गाडी लावून गुपचूप वर सटकणाऱ्या बापांना त्यांनी हळूहळू अडवायला सुरुवात केली. ‘सायेब, पाच मिन्टं धरा याला, मी पानी पिऊन येतो,’ असं म्हणून मूल हातात द्यायचं आणि अर्धा तास फिरकायचं नाही, ही त्यांची युक्ती. अशा रीतीने आमच्या बिल्डिंगमधले एक बँकवाले, एक मेडिकलवाले आणि माझा नवरा असे तिघे पुरुष लंगोट बदलायला शिकले. या सभेत कुठलाच विषय वर्ज्य नव्हता. दात येताना गाजर द्यावं की नाही, नाचणीचं सत्त्व कधी सुरू करावं, डोळ्यांत काजळ घालावं का, सासू घालच म्हणते तेव्हा काय करावं, सगळ्यांवर चर्चा व्हायची. डॉक्टरांना विचारून आल्यावरसुद्धा इथे पुन्हा एकदा मत घेतलं जायचं आणि डॉक्टर बहुतेक वेळा काठावर पास व्हायचे. पप्पांचे सल्ले निम्मे बरोबर, निम्मे साफ चुकीचे. पण ते इतक्या आपुलकीने दिलेले असायचे की चुकीचा सल्लाही परत करावासा वाटत नसे.

माझी गोष्ट जरा वेगळी होती. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नव्हतं. सासूबाई पारनेरहून आल्या, महिनाभर राहिल्या. पण मागे जनावरं होती, शेत होतं, त्यांना जावंच लागलं. नवरा बियाण्याच्या कंपनीत, कायम फिरतीवर. मुलगी रडायला लागली की मला काहीच सुचायचं नाही आणि ती झोपली की ती उठेल या धास्तीने मी जागी राहायची. एका दुपारी ती सकाळपासून रडत होती. मी अंघोळ केलेली नव्हती, केस विंचरलेले नव्हते. घरात थांबवेना म्हणून तिला घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसले आणि मलाही रडू फुटलं.

जुळ्यांचे पप्पा दोन्ही काखांत दोघांना घेऊन गच्चीकडे निघाले होते. मला बघून थांबले. मला वाटलं, आता बेस आणि ट्रेबल सुरू होणार. पण ते तीन-चार पायऱ्या खाली बसले, जुळी मांडीवर घेतली. मोठी माझ्याकडे टक लावून बघत होती. मग ते खाली मान घालून म्हणाले,

‘आमची झाली तवा मॅडम म्हनल्या हुत्या, मला ही पोरं नकोत, मला माझ्या घरी जायचंय. आन् आमी त्यांच्याच घरी बसलो हुतो.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मंग काय. त्या रडल्या, मी बी रडलो. मंग भूक लागली.’

मला रडता रडता हसू आलं. त्या दिवशी मॅडम शाळेतून आल्या आणि पर्स ठेवायच्या आधी माझी मुलगी घेऊन गेल्या. मी अंधार पडेपर्यंत झोपले. नवऱ्याला पप्पांनी परस्पर फोन केला होता. काय बोलले ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही, पण नवरा दुसऱ्या दिवशी रजा टाकून घरी आला. त्यानंतर रोज एक वेळ माझी मुलगी खाली जुळ्यांबरोबर असायची. मी तिला आणायला गेले की ते म्हणायचे, ‘राहू द्या की, दोन काय आन् तीन काय, माझी मोजायची सवय गेलीया.’

पुढच्या लग्नसराईच्या आधी त्यांनी नवीन बॉक्स आणले. गावाला नेण्याआधी तपासावेत म्हणून संध्याकाळी पार्किंगमध्येच वायरी जोडल्या. सभा भरलेली होती. त्यांनी बटन दाबलं आणि असा दणका बसला की वरच्या मजल्यावरची तावदानं थरथरली. सगळी मुलं एकदम किंचाळली, बारका तर निळा पडेपर्यंत रडला. माझी मुलगी माझ्या पदरात घुसली. मोठी मात्र बाटलीचं झाकण जमिनीवर फिरवत बसली होती, तशीच बसून राहिली. पप्पांची छाती फुगली. साउंडवाल्याची पोर आहे, रक्तातच आहे तिच्या, असं ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

पण घरी आल्यावर ते चित्र डोळ्यांपुढून जाईना. मग मी लक्ष ठेवायला लागले. कुकरची शिट्टी झाली की बारका मान वळवायचा, माझी मुलगी वळवायची, मोठी नाही. कुणी समोर आलं की ती खुलून हसायची, पाठीमागून बोललं तर तिच्या गावीच नसायचं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की आपण कशाला बोलायचं, त्यांची दोन मुलं आहेत, त्यांना कळत नसेल का. मला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. जो माणूस माझ्या मुलीचं रडणं खालच्या मजल्यावरून ओळखत होता, त्याला हे सांगायचं कसं?

एका लग्नाहून परत आल्यावर ते गच्चीवर वायरींची वेटोळी करत बसले होते. टाकीच्या सावलीत गोधडीवर जुळी होती. टाकीवर कबुतरं. मी वाळवणाचं निमित्त करून वर गेले, बराच वेळ उगाच कुरडया हलवत राहिले आणि मग म्हणाले, ‘दादा, मोठीला जरा पाठीमागून हाक मारून बघता का?’

ते हसले. हाक कशाला, ती माझ्या पावलावरून ओळखते, म्हणाले. तरी त्यांनी हाक मारली. बारक्याने वळून बघितलं आणि तो रांगत निघाला. मोठी कपड्याचा चिमटा तोंडात घालत होती. त्यांनी पुन्हा हाक मारली, मोठ्याने. मग हातातली वायर टाकून जोरात टाळी वाजवली. टाकीवरची कबुतरं भर्रकन उडाली आणि मोठी मान वर करून खळखळून हसली.

‘बघा, ऐकलं की,’ ते म्हणाले. मग कबुतरं घिरटी घालून पुन्हा टाकीवर बसेपर्यंत ते त्यांच्याकडे बघत राहिले. ‘न्हाई वहिनी,’ ते म्हणाले. ‘कबुतरं बघितली तिनं.’

नगरला तपासणी झाली, मग पुण्याला झाली. दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. आधी कानाला यंत्र लावायचं, पुढे ऑपरेशन, त्यानंतर बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे वर्षानुवर्षं जायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेळेत कळलं, हेही सांगितलं. पुण्याहून आल्यावर ते मला फाटकापाशी भेटले. ‘तुमी बोलला नसता तर मी आजून वर्षभर म्हनत राह्यलो आसतो, समजूतदार हाय,’ एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर सभेला ते यायचे, खुर्च्या मांडायचे, झोळ्या टांगायचे. पण कुणी काही विचारलं की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. बारक्याच्या रडण्याला पोटाचं म्हणायचं का लंगोटाचं, हेही त्यांनी सोडून दिलं. तो रडला की उचलून घ्यायचे, इतकंच.

मोठीच्या कारणावरून मॅडमची बदली पुण्याकडे झाली. पप्पांनी साउंडचा धंदा बंद केला, कारण मोठीला रोज बोलण्याच्या वर्गाला न्यायचं तर दिवसभर मोकळं कुणी तरी हवं होतं. ज्या टेम्पोतून बॉक्स जायचे त्यातच कपाट, पिंप आणि दोन पाळणे भरले. हिरवं मॅटिंग त्यांनी आमच्यासाठी ठेवलं. आम्ही ते काही दिवस अंथरलंही. पण मध्ये बसून चुकीचं बोलणारं कुणी नसल्यामुळे सभा जमेना. प्रत्येक आई आपापल्या मोबाईलमध्ये बघून बरोबर तेच सांगायची. मग कुणाची बदली झाली, कुणाचं मूल बालवाडीत गेलं आणि बघता बघता पार्किंगमध्ये परत गाड्या लागायला लागल्या.

आता मला मुलगा झालाय. मुलगी बालवाडीत जाते. घरात सगळं आहे, डॉक्टर चांगले आहेत, नवऱ्याची फिरतीही कमी झालीय. तरीही मुलगा रडायला लागला की मी गॅलरीचं दार उघडते आणि खालच्या मजल्यावरून कुणी काही बोलत नाही. गेल्या महिन्यात तो पेज तोंडातून बाहेर काढायला लागला, तेव्हा न राहवून मी पुण्याला फोन लावला. खरं सांगायचं तर पेजेचं मला काही विचारायचं नव्हतं.

फोन त्यांनीच उचलला. ‘वहिनी, कशा आहात? बाळ बरं आहे ना?’ मला क्षणभर वाटलं, नंबर चुकला. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, पाठ्यपुस्तकातल्यासारखा. त्यांच्या लक्षात आलं असावं. मोठीचं ऑपरेशन नीट झालं, आता तिला ऐकू येतं, पण तिच्यासमोर प्रत्येक शब्द सावकाश आणि पूर्ण बोलायचा असं बोलण्याच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलंय, म्हणून घरात आता असंच बोलतो, असं ते म्हणाले. मी पेजेचं विचारलं. ‘डॉक्टरांना विचारून घ्या, वहिनी,’ ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ‘त्याचे कान तपासलेत ना?’ मी हो म्हटलं. ‘मग चांगलं आहे,’ ते म्हणाले.

तेवढ्यात पलीकडून मोठीची हाक आली. शब्द उमटला नव्हता, नुसता सूर होता, पण हाक होती. ते ‘आलो, बाळा’ म्हणाले आणि फोन बंद न करताच कुठेतरी ठेवून गेले. मला भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला.

‘पाणी,’ ते म्हणाले. ‘पा-णी. इकडे बघ. पा-णी.’

मिरजगावच्या त्या माणसाच्या तोंडून इतका घोटून काढलेला ण मी पहिल्यांदाच ऐकत होते. मोठी काहीतरी म्हणाली. ते पुन्हा म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरासं जवळचं. मुलगा माझ्या खांद्यावर झोपला होता. फोन बंद करायला हवा होता, ते माझ्या ऐकण्यासाठी नव्हतं. पण मी गॅलरीत तशीच उभी राहिले, कानाला फोन लावून, पुढचा शब्द कोणता येतो याची वाट बघत.