छतातली बाई

नव्या सुनेला छतात बाई रडताना ऐकू आली, की तिला काहीतरी धरलंय हे आमच्या पांढुर्ण्यात एका चहात ठरतं. लग्नाला पंधरा दिवस झाले नव्हते. मी सासूला म्हटलं, "आई, मागच्या पडवीत वर कोणी बाई रडून राहिली."

झालं! शनिवारी मला जामसांवलीला, भूत उतरवणाऱ्या मारुतीकडे नेलं. मारुतीपुढे मी अशी थरथरले की शेजारची बाई भिऊन सरकली. घरी आले तर सांजेला तेच बारीक, किंचाळतं रडणं. शेवटी नवऱ्याने बांबूने वासे ठोकले. पिसांची, कापसाची घरटी खाली आली, त्यात पाकोळ्यांची उघडी पिल्लं. भूत सापडलं म्हणून मी टाळ्या वाजवल्या. एवढी मी हुशार! पुढे तीन संध्याकाळी पाकोळ्या त्या रिकाम्या वाशाशी येऊन किंचाळत होत्या. मी शहाणीने खिडकी लावून घेतली.

त्या पडवीत पुन्हा घरटं झालं नाही. गावातली छतंही गुळगुळीत झाली, पाकोळ्या विरळ झाल्या. यंदा आमच्या पुढच्या व्हरांड्यात दोनच घरटी उरली होती, आणि लेकाला तिथेच पीव्हीसीचं छत लावायचं होतं.

"पिल्लं उडू दे ना बाबू."

"आई, सौसरचा मिस्त्री पुन्हा भेटत नाही. उद्याच लावून घेतो."

दुसऱ्या दिवशी लेक बाजारात गेला. मी मिस्त्रीला पाणी दिलं आणि आवाज खाली करून म्हटलं, "भाऊ, दिवेलागणीच्या आत उतर. वर बाई रडते. माझ्या लग्नापासून."

तो हसला. सांजेला पाकोळ्या परतल्या, किंचाळत व्हरांड्यात शिरल्या. तो शिडीवरून उतरला आणि सामान भरू लागला. मी पदरात हसले.

"घाबरला का रे?"

"पाखराले कोण भिते, आजी? बाई तर मागच्या पडवीत रडून राहिली. दुपारपासून."

"तिथं काही नाही रे."

"हाव. मी पाहून आलो."

तो गेला तो आलाच नाही. पिल्लं उडाली. लेक अजून विचारतो, "आई, तू त्याले काय सांगितलं?"

"माझंच जुनं येडेपण," मी म्हणते.

सांजेला आता मी मागच्या पडवीत बसते, खिडकी उघडी टाकून. वाशाकडे मात्र पाहत नाही.