नानाचे मागचे ब्रेक

फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. शेजारच्या वहिनींनी खालून हाक मारली, "कमलताई, जळगावचा फोन आहे…" त्यांच्या आवाजावरूनच मी समजले. माझा थोरला भाऊ, नाना, गेला होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी जातात आणि भाऊ त्यांना न्यायला येतो. हातावर चीक वाळत होता आणि मनात एकच येत होतं, आता मला न्यायला कोण येणार?

नाना जळगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. घर जवळच, असोद्याला. वडिलांनी हौसेने घेतलेली जुनी विलायती गाडी त्याने जिवापाड सांभाळली. वडील तिच्यातून आत्यांना आणायचे, म्हणून हाही मला तिच्यातूनच न्यायचा. माझं सासर धुळ्याच्या अलीकडे असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, पण ते लळिंगच्या घाटापलीकडे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतरची माझी दुसरी आखाजी, मांडीवर तान्ही लेक. घाट उतरताना नानाने ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. मागच्या चाकाच्या ड्रममधला ब्रेकचा सिलिंडर फुटून सगळं तेल गळालं होतं. त्याने हँडब्रेक ओढला, तर तोही त्याच तेलकट ड्रमवर घसरला. शेवटी गिअर पाडत पाडत त्याने गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंही नाही, पण गोष्ट माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या कानावर गेलीच. ते ओट्यावरून नानाला म्हणाले, "आमनी सून त्या गाडीमा बसनार नही. आनि गाडी सोडाले तयार नसशी, तर आखाजीले येऊ बी नको." वर्षातून एकदाच मिळणारं माहेर असं एका वाक्यात गेलं.

दुसऱ्या कुणी मुकाट्याने एसटी धरली असती. नानाने मात्र हट्ट धरला. त्या गाडीचं सामान कुठेच मिळत नव्हतं आणि ड्रमवर त्याचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता. पुढच्या चाकांना पहिल्यापासून डिस्क ब्रेक होते, मग मागेही डिस्कच बसवायच्या, असं त्याने ठरवलं. धुळ्याच्या भंगारातून त्याने एका अपघाती गाडीच्या पुढच्या डिस्क आणि त्या पकडणारे कॅलिपर आणले. ते बसवायला पट्ट्या हव्यात, म्हणून घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून कापून त्याने माप जुळवलं आणि मग जाड पोलाद लेथवर धरलं. माझ्या लग्नाची पत्रिकाही त्यात गेली. ती चांगल्या जाड पुठ्ठ्याची होती, असं तो वर मलाच ऐकवायचा!

सगळं बसलं, पण तेलात हवा अडकून ब्रेक काही केल्या घट्ट होईना. रोज संध्याकाळी त्याची बायको, माझी वहिनी, पेडलवर पाय ठेवून बसायची आणि हा गाडीखालून ओरडायचा, "दाब… धर… सोड!" एके दिवशी वहिनीच कंटाळून म्हणाली, "अहो, हवा वर जाते ना? मग तुमचं ते हवा काढायचं बोंडूक खाली का?" डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे बसवला होता या शहाण्याने! अदलाबदल करताच हवा निघून गेली. मग मागच्या सीटवर माझ्या वजनाची सरकीची पोती ठेवून तो गाडी पळवत आणि थांबवत राहिला, अगदी समाधान होईपर्यंत.

पुढच्या आखाजीच्या आधी तो आमच्या दारात आला आणि म्हणाला, "आबा, आधी तुम्ही बसा." आबा बसले. मी ओट्यावर जीव मुठीत धरून उभी होते. लळिंगचा घाट उतरून, चढून दोघं परत आले. आबा गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "बठ्ठं बराबर शे, भाऊ. पन उभी कशी ऱ्हाई?"

नानाचा चेहरा पडला. हँडब्रेक ड्रमबरोबरच गेला होता. तोपर्यंत त्याने चाकाखाली दगड लावून भागवलं होतं. आता परत पाठवणार, असं मला वाटलं. पण आबा गोठ्यात गेले, बैलगाडीच्या चाकाला लावायचा बाभळीचा ठोकळा घेऊन आले आणि नानाच्या हातात देत म्हणाले, "हाऊ लाव. आनि लई जाय तुनी बहीनले."

पुढे नानाने वेगळी खटपट करून हँडब्रेकही बसवला, पण ठोकळा डिकीतून कधी हलला नाही. दर आखाजीला गाडी दारात थांबली की आबा विचारायचे, "भाऊ, ठोकया लावा का?" आणि नाना म्हणायचा, "लावला, आबा." आबांची नजर गेली, तरी प्रश्न चुकला नाही.

आखाजीला घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात; यंदा नानाच्या नावाची भरायची होती. त्याचा थोरला, विनोद, मला न्यायला आला, त्याच गाडीतून. ब्रेकचा आवाजही तसाच. विनोदने हँडब्रेक ओढला आणि तो उतरला. ओट्यावर आबांनी मान वळवली. नाना गेल्याचं त्यांना सांगितलं होतं, ते रडलेही होते… तरी तोंडातून सवयीने आलंच, "भाऊ, ठोकया लावा का?"

मी डिकी उघडली. ग्रीसने काळा झालेला ठोकळा नानाने ठेवला होता तिथेच होता. मी वाकून तो मागच्या चाकाखाली सारला.

"लावला, आबा," मी म्हणाले.