गाठ पुढं

दुपारची जेवणं आटोपतात तशी ज्योत्स्ना माजघराच्या दाराला वरची कडी लावते. दहा वर्षांच्या शर्वरीचा हात तिथं पोचत नाही, म्हणून वरची. बाहेर पोरांचा गलका विहिरीच्या वाटेला लागलाय. पोहताना तरंगायला कुणाच्या पाठीला डबा, कुणाच्या पाठीला सुका भोपळा.

"आई, सुट्टी संपली, उद्या आपण परत जाणार. आज तरी पाठव ना."

"झोप."

"विलासमामा आहे की तिथं शिकवायला! आख्खं गाव पोहायला शिकलं. मीच राहिले."

"शर्वरी, झोप म्हटलं ना."

लेक भिंतीकडं तोंड फिरवते. ज्योत्स्ना दारालाच पाठ टेकून चटईवर आडवी होते. गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचे ते तिचे नानामामा. तिलाही त्यांनीच शिकवलं. गेल्या उन्हाळ्यात त्याच विहिरीच्या पायरीवर ते तिच्या डोळ्यांदेखत गेले. तेव्हापासून ती तिकडं फिरकलेली नाही आणि लेकीलाही फिरकू दिलेलं नाही. डोळे मिटतात. पंख्याची कुरकुर रहाटासारखी वाजू लागते. पाठीखालची चटई गार होत जाते.

ती विहिरीत आहे. पायऱ्या थेट वर गेलेल्या दिसतात, पण पाऊल उचललं की समोरची पायरी भिंतीत शिरते. वर आभाळ, थाळीएवढं.

"काय गं ज्योते, अडकलीस?"

नानामामा खालच्या पायरीवर बसलेत. पाय पाण्यात, खांद्यावर पंचा. ते आता नाहीत हे तिला ठाऊक आहे, तरी नवल वाटत नाही.

"मामा, मला वर जायचंय."

"जाशील की. कॉलेजात काय शिकवतेस तू?"

"मानसशास्त्र. अकरावीला."

"मग घे की तास. मला कुठं घाई आहे?"

ती वळते, तर विहिरीची भिंत म्हणजे फळा आहे. पायऱ्यांचे बाक झालेत. वर्गाला खिडक्या आहेत, पण त्यांत दगड चिणलेत, आणि दार कुठंच नाही. नानामामा पहिल्या बाकावर गुडघे जवळ घेऊन बसलेत. पंच्यातून पाणी ठिबकतंय.

"पोरांना पहिल्या दिवशी काय सांगतेस?"

"जे पाहिलं ते आधी मांडा. जे वाटलं ते वेगळं ठेवा."

"हां. मग मांड. मी कसा गेलो?"

खडू तिच्या हातात घामेजतो. "तुम्ही पोरांना बाहेर काढलंत. पायरीवर टेकलात. विलासला काहीतरी चिडवलंत, हसलात. आणि मान कलली."

"पाणी कुठवर होतं?"

"घोट्यापर्यंत."

"घोट्याएवढ्या पाण्यात कोण बुडतं गं?"

"डॉक्टर म्हणाले, हृदय."

"आदल्या दिवशी कॉटवर पडलो होतो तेव्हाच कळ आली होती. मामीनं सांगितलंय तुला. तिथंच आटोपलो असतो, तर कॉट जाळली असतीस?"

तिला हसू येतं. भिंती जवळ सरकल्यात. बाकाची कड आता तिच्या पोटाला लागतेय.

"छातीवर हात ठेव," मामा म्हणतात. "काय होतंय?"

"धडधडतंय."

"कशानं?"

"विहिरीच्या भीतीनं."

"आपण तर वर्गात आहोत. विहीर कुठाय?"

ती उत्तर शोधते. सापडतं, पण उपयोग नाही. "मामा, हे सगळं मला कळतं हो. एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्यानं दुसरं घडवलं असं नसतं, हे फळ्यावर मीच लिहिते. पण विहिरीचा कठडा दिसला की पाय उचलत नाहीत. कळून काय करू?"

नानामामा पंचा पिळतात. मग उठतात, तर गुडघाभर पाणी आहे. वर्ग नाही, विहीरही नाही. हे माजघर आहे, आणि पाणी वर चढतंय. दाराची कडी इतकी उंच गेलीय की ज्योत्स्नाचाच हात पोचत नाही.

"फळ्यावर कुणाला पोहता आलंय, पोरी? आणि भीती हाकलून थोडीच जाते! मी तुम्हाला पाण्यात ढकलत होतो का? नाही. पाठीला भोपळा बांधून उतरवत होतो. भीतीसुद्धा तशीच बरोबर घ्यायची. पण गाठ?"

"गाठ पुढं," ती लहानपणासारखं म्हणते. "आपल्या हाताला लागेल अशी. पोहता आलं की ज्यानं त्यानं आपली सोडायची, तीही पाण्यातच."

"आणि शर्वरीच्या पाठीला काय बांधलंयस?"

ती वळून बघते. लेक भिंतीकडं तोंड करून पाण्यात उभी आहे. तिच्या पाठीवर भलंमोठं काहीतरी बांधलंय. भोपळा नाही, दगड नाही, नुसतंच जड. लेकीचे हात मागं चाचपडतात आणि पोचत नाहीत.

"भीती तुझी," नानामामा हळू म्हणतात, "बांधलीस तिला. आणि गाठ ठेवलीस मागं."

"सोडा ना, मामा!"

"माझे हात आता चालत नाहीत गं."

डोळे उघडतात. पंखा कुरकुरतोय. बाहेर ऊन तसंच आहे. शर्वरी उशाशी बसून तिच्याकडं टक लावून बघतेय.

"आई, तू झोपेत बोलत होतीस."

ज्योत्स्ना उठायला जाते आणि थबकते. ओढणी कमरेला गुंडाळलेली आहे. पोटावर, हाताला लागेल अशी, एक गाठ. एक टोक लांब सोडलेलं, ओढलं की सुटेल असं. नानामामांची.

"ही तू बांधलीस?"

"मला कुठं येते? नानाआजोबा शिकवणार होते."

झोपेत आपलेच हात चालले असतील. लहानपणी शेकडो वेळा बांधलीय. किंवा लेक थाप मारत असेल. वर्गात असतं तर ज्योत्स्नानं पोरांना याची आणखी कारणं शोधायला लावली असती. आत्ता ती फक्त टाचा उचलून कडी काढते.

"तो खुंटीवरचा भोपळा आण."

"खरंच?"

"आण लवकर. आणि ऐक, तिथं मी घाबरणार आहे. तू माझ्याकडं बघत बसू नकोस."

ती लेकीच्या पाठीला भोपळा बांधते. बोटं चुकत नाहीत. गाठ पुढं येते. शर्वरीचं बोट गाठीच्या टोकाला लागतं.

"आत्ता नाही," ज्योत्स्ना म्हणते.

मग दोघी उंबरा ओलांडतात. छाती धडधडतेच आहे. आपल्या कमरेची गाठही ती सोडत नाही. ती पाण्यात सोडायची असते.