विहिरीतली साक्ष

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या साक्षीवर मला बायबल कॉलेजात प्रवेश मिळाला, ज्या साक्षीवर मी पाळक झालो, ती साक्ष माझी नव्हती. मनोहरची होती.

उमरीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या माणसांना माझं गाव सोडणं आठवत असेल. दुष्काळाचं साल होतं. स्टेशनापर्यंत माझी लोखंडी पेटी मनोहरनं डोक्यावर घेतली होती. आमच्याच गल्लीतला, माझ्याच वयाचा, रविवारच्या शाळेत माझ्या मांडीला मांडी लावून बसणारा मनोहर. गाडीला वेळ होता. पेटी खाली ठेवून तो तिच्यावरच बसला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, हमालाला च्या तरी पाजा." आई हसली. मला हसता आलं नाही. तिला वाटलं, पोरगं घर सोडताना हळवं झालंय. पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "कामून तोंड पाडून राहिलास? दोन येळंला भाकर भेटतीय तिथं. जा बाबा. बाकीचं देव बघून घेतो."

मला आलेलं देवाचं बोलावणं खरं तर एवढंच होतं, भाकर. त्या उन्हाळ्यात आई आम्हा भावंडांना वाढून झाल्यावर "मला भूक न्हाई" म्हणायची, आणि ते खोटं आहे हे आम्हा सगळ्यांना कळायचं. अशात एका रविवारी पाळकांनी उपासनेनंतर सांगितलं की लातूरला लहानसं कॉलेज निघालंय, शास्त्राभ्यासाची पदवी देणार, राहणं-खाणं फुकट, पण एका मंडळीतून एकच मुलगा घेणार. मी हात वर केला. मनोहरनंही केला. त्याचं कारण वेगळं होतं. ते मला मुलाखतीला जाताना, नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एस.टी.त कळलं.

त्या वर्षी गल्लीतल्या विहिरीत उतरायचं काम मनोहरकडे होतं, कारण सगळ्यांत हलका तोच. कमरेला दोर बांधून बाया त्याला खाली सोडायच्या. तळाशी पाझर साचेपर्यंत बसून राहायचं, वाटीनं बादली भरायची, पुन्हा बसायचं. अहमदपूर मागं पडल्यावर तो हळू आवाजात बोलायला लागला. "एक दिस लई भ्याव वाटलं रे. वरचा उजेड ताटलीएवढा. वाटलं, दरड येती आता अंगावर. दोर हलवणार, तेवढ्यात कुणीतरी बाजूला येऊन बसल्यावाणी झालं. त्यो म्हणला, 'बस रे, मी हाय.' एवढंच. मग भ्याव गेलं. हसू नको, दाव्या." मी दाविद, पण गल्लीत दाव्याच. मी हसलो नाही. मला त्याचा हेवा वाटला.

कॉलेजात सगळ्या मुलांना एकाच सतरंजीवर ओळीनं बसवलं होतं. आमच्या लोकांत तशी रीतच आहे. प्रभूनं तुला कसं बोलावलं, हे चारचौघांत उभं राहून सांगायचं. तीच साक्ष. मार्क नंतर, साक्ष आधी. सुरुवात दाराकडून झाली, आणि दाराशी मी बसलो होतो. भाकरीसाठी आलो, असं कसं म्हणायचं? तोंड उघडलं आणि विहीर बाहेर आली. दोर, ताटलीएवढा उजेड, बाजूला येऊन बसलेलं कुणीतरी. फक्त 'बस रे, मी हाय' म्हणायची मला लाज वाटली. देवाच्या तोंडी मी शास्त्रातली शुद्ध भाषा घातली. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग मनोहरचा नंबर आला. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आपली म्हैस दुसऱ्याच्या दावणीला दिसल्यावर माणूस बघतो, तसं. तीच साक्ष त्यानं सांगितली असती तर चोर तो ठरला असता. उभा राहून म्हणाला, "साहेब, मला सैपाक येतो. दुसरं काय सांगन्यासारखं न्हाई." सगळे हसले. मीही हसलो. मला चोरीपेक्षा ते हसणं जास्त बोचतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग वाळत होता, साहेब लोक घरं शोधत होते, भाडी वाढली होती. म्हणून आमचं कॉलेज डाळ मिलच्या मागच्या पत्र्याच्या घरात भरायचं. ग्रीक अक्षरं गिरवताना वहीवर तुरीच्या फोलाची धूळ बसायची. मी तिथं पोटभर जेवलो, आणि अभ्यासाची मला खरीच गोडी लागली, हेही सांगायला हवं. पण हाताला कातडं बांधून आंधळ्या बापाकडून भावाचा आशीर्वाद पळवणाऱ्याचा बायबलातला धडा आला, तेव्हा मी तासभर खिडकीकडं बघत बसलो.

रविवारी आम्हाला गावोगावच्या मंडळ्यांत पाठवत. जिथं जाईन तिथं लोक म्हणायचे, "ती विहिरीची साक्ष सांगा भाऊ." मुरुडच्या मंडळीत सुशीलानं ती ऐकली. लग्नानंतर म्हणाली, "मी त्याच दिवशी ठरवलं होतं." आता पुण्यात आमचा फ्लॅट आहे, बायबल कॉलेजातले माझे वर्ग झूमवर चालतात. मुलं 'माय कॉलिंग' म्हणून स्लाईड दाखवतात, आणि मी त्यांना मार्क देतो.

मागच्या वर्षी आई गेली. उमरीत तिच्या आठवणीच्या उपासनेत नव्या पाळकांनी मला सगळ्यांपुढं साक्षीसाठी उभं केलं. समोर मनोहर बसलेला, डोक्याचे केस पार पांढरे. तो आता ॲपे रिक्षा चालवतो, नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. मी सांगितली. त्याच्यादेखत, शुद्ध भाषेत, शेवटपर्यंत.

लोक गेल्यावर आम्ही दोघं चटया गोळा करत होतो. तो म्हणाला, "एक सांगू का? राग मानू नको."

"सांग की."

"त्यो एवढं लांबण लावून बोललाच न्हवता रे. 'बस रे, मी हाय,' एवढंच म्हणला व्हता. बाकी समदं बराबर सांगतोस तू."

तेव्हाच माफी मागायची होती. मी "हाव, खरं हाय" म्हणालो आणि चटईचं दुसरं टोक धरलं.

उमरीत आता माझं घर उरलेलं नाही. आई गेली, जागा धाकट्यानं विकली. तरी कुणी गाव विचारलं की मी उमरीच सांगतो. पुण्यात मला सगळे सर म्हणतात. माझं खोटं पहिल्या दिवसापासून माहीत असलेला एकच माणूस आहे, आणि तो मला अजून दाव्या म्हणतो. तो जिथं राहतो ते माझं घर, असं मला हल्ली वाटतं.

हे तुमच्या मासिकात छापायला पाठवण्याआधी मी सुशीलाला वाचून दाखवीन. ती काय म्हणेल, माहीत नाही. पण लिहिण्यानं हे फिटत नाही. मनोहरची माफी मला त्याच्यासमोर बसून मागायची आहे, आणि उमरीच्या मंडळीपुढं उभं राहून सांगायचं आहे की त्या दिवशी विहिरीत तो होता, मी नव्हतो. दोन्ही अजून राहिलं आहे.